गरोदरपणात बांगडा चालतो का, आणि खाऊन झालेल्या मोरीचे काय?

एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे माहेर रायगड जिल्ह्यात, सासर नाशिकला, आणि सध्या अकरावा आठवडा सुरू आहे. दिवस गेल्याचे कळण्याआधी, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात, त्या माहेरी असताना सलग दोन दिवस मोरीचे कालवण जेवल्या. नंतर कुठेतरी वाचनात आले की शार्क आणि मॅकरेल हे मासे गर्भवतीने खाऊच नयेत, कारण त्यांत पारा असतो. मोरी म्हणजे शार्क आणि बांगडा म्हणजे मॅकरेल, म्हणून धसका घेऊन त्यांनी बांगडाही बंद केला. सासूबाईंचे म्हणणे असे की कोळंबी आणि खेकडा उष्ण पडतात. डॉक्टरांनी 'मासे खात जा' एवढे सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावले. आणि घरात दर रविवारी सुरमई येते. आता खावे काय, किती, बाळाला पाऱ्याची बाधा झाली असेल का, आणि त्यासाठी रक्त तपासून घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि नाशिकमध्ये गरोदर स्त्रियांचा आहार ठरवून देण्याचे काम वीसहून अधिक वर्षे करते आहे. आधी मोरीबद्दल लिहिते, कारण ती भीती मनात असेपर्यंत पुढचे काही वाचले जाणार नाही. दोन दिवसांच्या जेवणातल्या मोरीमुळे बाळाला इजा झाली असे मानण्याचे कारण नाही. माशांतल्या पाऱ्याचा जो त्रास अभ्यासात दिसला आहे, तो पारा महिनोन्‌महिने पोटात जात राहून अंगात साठत गेल्यामुळे होणारा आहे. पोटात गेलेल्या पाऱ्यापैकी निम्मा बाहेर पडायला साधारण ५० ते ७० दिवस लागतात, उरलेल्याचा निम्मा जायला पुन्हा तेवढेच. म्हणजे आजपासून मोरी थांबवलीत, तर बाळाच्या मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते त्या शेवटच्या तीन महिन्यांपर्यंत त्या दोन जेवणांचा पारा बराचसा निघून गेलेला असेल. शिवाय कोकणात मिळणारी मोरी पुष्कळदा हातभर लांबीचीच असते, आणि वयाने लहान शार्कमध्ये पारा मोठ्या शार्कपेक्षा कमी असतो. रक्ततपासणी मी तुम्हाला सुचवणार नाही, कारण अहवाल काहीही आला तरी पुढे करायचे तेच आहे: मोरी खाऊ नये, इतर मासे खावेत. एखादी स्त्री वर्षभर आठवड्यातून तीन-चारदा मोरी किंवा मोठा कुपा, म्हणजे टूनाच, खात असेल, तर गोष्ट वेगळी. तिने डॉक्टरांशी जरूर बोलावे.

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. पारा हा मासा जाळ्यात येण्याआधीच त्याच्या अंगात असतो. तो कोणत्याही धुण्याने, कोकमाने, लिंबाने किंवा तळण्याने जात नाही, कारण तो माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यावर उपाय एकच, मासा निवडून घेणे. दुसरा प्रश्न मासा जाळ्यातून निघाल्यानंतरचा आहे: बर्फ, टेम्पो, घाट, दुकान, ओटा, फ्रिज, कढई. हा भाग बराचसा आपल्या हातात असतो. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रिया पहिल्याची चौकशी करतात आणि मला प्रत्यक्षात त्रास दिसतो तो दुसऱ्यामुळे.

पाऱ्याचे काम कसे चालते ते एकदा नीट समजले की यादी पाठ करावी लागत नाही. कोळसा जाळल्याने, कारखान्यांतून आणि काही प्रमाणात ज्वालामुखींतूनही पारा हवेत जातो आणि शेवटी पाण्यात उतरतो. पाण्यातले जीवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरी नावाचे रूप तयार करतात. ते बारीक शेवाळात जाते, शेवाळ खाणाऱ्या लहान जिवांत जाते, त्यांना खाणाऱ्या माशात आणि त्या माशाला खाणाऱ्या मोठ्या माशात जाते, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे जो मासा आकाराने मोठा, वयाने जुना आणि दुसऱ्या माशांवर जगणारा, त्याच्यात पारा जास्त. जपानमधल्या मिनामाता येथे १९५६ मध्ये ज्या आजाराची अधिकृत नोंद झाली, तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातला असाच पारा उपसागरातल्या माशांत साठला होता, आणि ज्या मातांना स्वतःला फारसा त्रास जाणवला नव्हता त्यांच्याही पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली. गर्भाच्या बाबतीत एवढी काळजी घेतली जाते ती त्या अनुभवामुळे. मात्र मिनामातातले प्रदूषण आणि आपल्या ताटातला मासा यांत फार मोठे अंतर आहे, हेही विसरू नये.

आकड्यांत सांगायचे, तर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने गर्भाची सुरक्षितता धरून मिथाइल मर्क्युरीची साप्ताहिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. तुमचे वजन ५५ किलो धरले तर आठवड्याला ८८ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत तपासलेल्या शार्कच्या नमुन्यांत दर ग्रॅममागे सरासरी जवळजवळ एक मायक्रोग्रॅम पारा आढळतो, म्हणजे नव्वदेक ग्रॅम मोरीत, वाटीतल्या तीन-चार तुकड्यांतच, आठवड्याचा वाटा संपला. तारलीच्या जातभाईंमध्ये, तिथल्याच तपासणीत, हे प्रमाण ०.०१३ आहे. तोच ८८ चा आकडा गाठायला सहा किलोंहून जास्त तारली खावी लागेल. हे आकडे तिकडच्या पाण्यातले आहेत, आपल्याकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण मोठा आणि लहान मासा यांच्यातली तफावत कशी असते ते त्यांवरून कळते.

आता बांगड्याकडे येते, आणि इथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी गर्भवतींसाठी एक छापील कागद तयार केला होता. एका परदेशी पत्रकातली यादी समोर ठेवून तिचे मराठी केले, आणि 'किंग मॅकरेल टाळा' याचे मी बिनदिक्कत 'बांगडा टाळा' असे करून टाकले. तो कागद मी जवळजवळ तीन वर्षे वाटत होते. एक दिवस सिंधुदुर्गातल्या एक आजी आपल्या सुनेबरोबर आल्या होत्या. सुनेने कागद वाचून दाखवला तशा त्या मला म्हणाल्या, "अवो बाई, बांगडो केवडो नि इसवण केवडी! बांगडो कोणाक खाता? तेकाच सगळे खातत." मी हसले, पण रात्री पुस्तके काढून बसले, आणि आजींचे शब्दशः खरे निघाले.

इंग्रजीत मॅकरेल हे एका माशाचे नाव नसून एका मोठ्या गोतावळ्याचे नाव आहे. परदेशी याद्यांत ज्याच्यावर बंदी आहे तो किंग मॅकरेल अटलांटिक महासागरातला, माणसाच्या उंचीपर्यंत वाढू शकणारा शिकारी मासा आहे. तो आपल्या बाजारात येत नाही. आपला बांगडा वीतभर लांबीचा, पाण्यातले तरंगते सूक्ष्म जीव खाणारा आणि थोडीच वर्षे जगणारा मासा आहे. त्याच्या अंगात पारा साठायला ना वय मिळते, ना शिकार. आणि गंमत अशी की त्या बंदी घातलेल्या माशाची सख्खी भावकी आपल्याकडे शोधायची तर ती सुरमई. आजींची इसवण म्हणजेच आपली सुरमई, आणि ती व किंग मॅकरेल प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीगटातल्या आहेत. म्हणजे 'मॅकरेल' शब्दाला घाबरून तुम्ही बांगडा सोडलात आणि सुरमई दर रविवारी चालू ठेवलीत, हे नेमके उलटे झाले.

याचा अर्थ सुरमई विष आहे असा नाही. ती चांगली प्रथिने देते आणि किलो-दीड किलोच्या सुरमईचे दोन काप आठवड्यातून एकदा खाल्ले तर मला हरकत वाटत नाही, मात्र त्या आठवड्यात दुसरा मोठा मासा नको. कोळणीसमोर पाच-सहा किलोची सुरमई पडलेली असते आणि तिचे काप ताटात शोभून दिसतात, पण गरोदरपणाचे हे महिने ती घरातल्या बाकीच्यांसाठी ठेवावी. पुढचा काप घेतला काय आणि शेपटीकडचा घेतला काय, पाऱ्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. मोठा कुपा, मोठी घोळ आणि वाम यांनाही मी हाच नियम लावते. मोरी किंवा मुशी मात्र बाळ होऊन अंगावरचे दूध सुटेपर्यंत बंद. 'बाळंतिणीला मोरी दिली की दूध वाढते' असे माहेरी सांगितले जाईल याची मला खात्री आहे; त्यासाठी दुसरे पुष्कळ मासे आहेत.

ते दुसरे मासे म्हणजे बांगडा, तारली, पेडवे, मांदेली, बोंबील, पापलेट, कोळंबी, करंदी आणि गोड्या पाण्यातला रोहू किंवा कटला. यांपैकी बांगडा आणि तारली यांना मी वरचे स्थान देते, कारण त्यांच्या तेलात डीएचए हे स्निग्धाम्ल भरपूर असते, जे बाळाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात साठते, तेही विशेषकरून शेवटच्या तिमाहीत. गर्भवतीला ते दिवसाला सरासरी २०० मिलिग्रॅम मिळावे असे सांगितले जाते, आणि आठवड्यातून दोनदा मासे घेतले व त्यांत एकदा तेलकट मासा असला तर ते सहज जमते. प्रथिनांचेही तसेच. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दुसऱ्या तिमाहीत रोज ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम प्रथिने नेहमीपेक्षा जास्त लागतात. शंभर ग्रॅम माशात साधारण १८ ते २० ग्रॅम असतात. बी-१२, आयोडीन, ड जीवनसत्त्व हे आणखी वेगळे. म्हणून भीतीपोटी मासेच बंद करणे हा सुरक्षित मार्ग ठरत नाही, त्यातही नुकसान आहे. अमेरिकेच्या सल्ल्यातच हा बदल दिसतो. २००४ च्या सूचनेत 'आठवड्याला साधारण ३४० ग्रॅमपर्यंत' अशी वरची मर्यादा होती. २०१७ च्या सूचनेत गर्भवतीने कमी पाऱ्याचे मासे २२५ ते ३४० ग्रॅम खावेत, अशी खालची मर्यादाही आली.

हे माप आपल्या घरांत फारसे मोजावे लागत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेकांकडे वशाट नसते. उरलेल्या वारांतले बुधवार, शुक्रवार आणि रविवार धरू. तिन्ही वारी आपल्या तळहाताएवढ्या, साफ केलेल्या शंभरेक ग्रॅमच्या वाट्याने मासे खाल्ले की ३०० ग्रॅम झाले. बुधवारी बांगडा किंवा तारली, शुक्रवारी रोहू किंवा कोळंबी, रविवारी पापलेट अथवा लहान सुरमई, असे मी बहुतेकींना लिहून देते. श्रावण पाळलात तर महिनाभर मासे नसल्याने काही बिघडत नाही, फक्त तेवढे दिवस डाळी, दूध, आणि चालत असल्यास अंडी वाढवावीत.

आता नाशिकचा म्हणून जो खरा प्रश्न आहे त्याकडे वळते. माहेरी तुम्ही होडी लागल्यावर तासाभरात मासा चुलीवर पाहिलेला आहे. इथे तसे नाही. आपल्याकडची बहुतेक समुद्री मासळी मुंबईच्या बाजूने कसारा घाट चढून दीडशेहून अधिक किलोमीटर येते, आणि त्याआधी ती होडीवर किती दिवस होती हे आपल्याला कळत नाही. १ जूनपासून दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या काळात 'एकदम ताजा' म्हणून जो पापलेट समोर येतो, तो बर्फात गोठवून ठेवलेला किंवा लांबून आलेला असण्याचीच शक्यता अधिक. गोठवलेला मासा वाईट नव्हे, उलट नीट गोठवलेला मासा अर्धवट बर्फातल्या 'ताज्या' माशापेक्षा मी केव्हाही पसंत करीन. प्रश्न मधल्या तासांचा आहे.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सातवा महिना असलेल्या एका स्त्रीने जेवणानंतर अर्ध्या तासात फोन केला. चेहरा लालबुंद, डोके ठणकते आहे, मानेवर आणि पाठीवर गांधी उठल्या आहेत, छातीत धडधडते आहे. मी तिला ताबडतोब तिच्या डॉक्टरांकडे पाठवले. औषध मिळाल्यावर संध्याकाळपर्यंत सगळे शांत झाले आणि बाळही ठीक होते. घरच्यांनी 'मासे बाधतात' म्हणून कायमची बंदी घालायचे ठरवले. पण ती लहानपणापासून बांगडा खाणारी होती, आणि खोदून विचारल्यावर कळले की नवऱ्याचेही कान आणि चेहरा तापले होते, त्याने फक्त कोणाला सांगितले नव्हते. एकाच ताटातल्या दोघांना एकाच वेळी ॲलर्जी होत नसते. सकाळी अकराला घेतलेला बांगडा पिशवीतून स्कूटरला लटकून घरी आला होता, अचानक पाहुणे आल्यामुळे दीड वाजेपर्यंत ओट्यावर तसाच पडला होता, आणि बाहेर चाळिशीला टेकलेले ऊन होते.

बांगडा, कुपा, सुरमई आणि तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा गरम राहिला की जीवाणू त्याचे हिस्टामीन करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामीन कितीही उकळले किंवा तळले तरी नष्ट होत नाही. वासावरूनही ते नेहमी कळत नाही. कधी कधी जिभेला मिरी लागल्यासारखी चरचर होते, तेवढीच खूण. म्हणून ज्या बांगड्याची मी एवढी बाजू घेतली, त्याच बांगड्याला थंडाव्याची गरज सर्वांत जास्त असते. बाजारात जाताना झाकणाचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन जा, मासे सर्वांत शेवटी घ्या आणि घरी आल्याबरोबर साफ करून फ्रिजमध्ये टाका. एरवी दोन तास आणि नाशिकच्या उन्हाळ्यात एक तास, यापेक्षा जास्त वेळ मासा बाहेर राहता कामा नये, मग तो कच्चा असो वा शिजवलेला. गोठवलेला मासा ओट्यावर ठेवून वितळवण्याची पद्धत मोडा. आदल्या रात्री तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा.

घेताना काय बघायचे ते तुम्हाला माहेरहून ठाऊक आहे: कल्ले लाल, डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारे. भर घालते ती एवढीच की बोंबील फार लवकर उतरतो, त्यामुळे इथे तो दुपारनंतर घेऊ नये. कोळंबीची डोकी काळी पडून सैल झाली असतील तर सोडून द्यावी. मासा टिकवण्यासाठी काही जण लावतात त्या फॉर्मॅलिन या रसायनाची भीती २०१८ मध्ये केरळ आणि गोव्यात गाजली तेव्हापासून इकडेही आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते ओळखणारा पट्टीचा संच तयार केला आहे, पण घरी नुसत्या नजरेने ते ठरवता येते असे मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे बर्फ दिसतो आणि ज्याचा माल रोज संपतो, असा एकच विक्रेता धरून ठेवणे हा माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी उपाय आहे.

शिजवण्याबद्दल नियम कडक आहे: गरोदरपणात कच्चे किंवा अर्धकच्चे काहीही नको. आता नाशिकमध्येही सुशी मिळते. कच्च्या माशाची सुशी टाळावी, आणि थंडच खायचा धुरावलेला मासाही टाळावा, कारण लिस्टेरिया नावाचा जीवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, आईला साधा ताप येतो आणि गर्भपात किंवा अकाली प्रसूतीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. मासा आतून ६३ अंशांपर्यंत तापला पाहिजे असे पुस्तकात असते. कालवणात कोणी तापमापक घालत नाही, म्हणून काट्यालगतचे मांस पारदर्शक न राहता पांढरे होऊन पाकळ्यांसारखे सुटते का ते बघावे. कालवणातला तुकडा सहसा नीट शिजतो. फसवतो तो रवा लावून मोठ्या आचेवर तळलेला जाड काप, बाहेरून खरपूस आणि काट्याजवळ गुलाबी. आच मंद करून झाकण ठेवले की काम होते. उरलेले कालवण दुसऱ्या दिवशी चांगले मुरते हे खरे, पण ते रात्री फ्रिजमध्ये गेलेले असावे आणि खाताना खळखळून उकळलेले असावे.

तिसऱ्या, कालवं आणि शिनाणे या शिंपल्यांच्या प्रकारांबाबत मी जास्त कडक आहे. हे जीव पाणी गाळून खातात, आणि पाण्यात सांडपाणी असेल तर त्यातले विषाणूही आत साठवतात. त्यांतला हिपॅटायटिस ई गर्भवतीसाठी विशेष धोक्याचा आहे. तो मुख्यतः दूषित पाण्यातून होतो, पण कच्च्या शिंपल्यांतूनही होऊ शकतो, आणि शेवटच्या तिमाहीत झाल्यास दगावण्याचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. किनाऱ्यावर, माहितीच्या ठिकाणच्या तिसऱ्या भरपूर उकळून खाल्ल्या तर ठीक. घाट चढून आलेल्या तिसऱ्या मी स्वतः गरोदरपणात खाल्ल्या नव्हत्या. खाल्ल्याच, तर शिजल्यावर ज्यांचे तोंड उघडले नाही त्या फेकून द्याव्यात. मासे खाल्ल्यानंतरच्या दिवसांत, अगदी काही आठवड्यांनीही, थंडी वाजून ताप आला, लघवी गडद पिवळी झाली, उलट्या थांबेनात किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

सासूबाईंच्या कोळंबी-खेकड्याबद्दल. कोळंबीत पारा अगदी कमी असतो आणि नीट शिजवलेली कोळंबी किंवा खेकडा यांमुळे गर्भपात होतो याला वैद्यकीय आधार नाही. ज्यांना कवचाच्या जिवांची ॲलर्जी आधीपासून आहे, त्यांनीच टाळावे. बाळाला पुढे ॲलर्जी होऊ नये म्हणून आईने मासे सोडण्याचा उपयोग होत नाही. तरीही सासूबाईंना खोटे पाडायची गरज नाही, कारण खेकड्याच्या बाबतीत त्यांच्या सावधगिरीला एक जागा आहे. पावसाळ्यात इगतपुरीच्या बाजूचे खेकडे येतात, तेव्हा रश्शासाठी नांग्या मिक्सरमध्ये कच्च्या वाटून त्यांचे पाणी गाळून घेतात. ते पाणी चांगले पाच-सात मिनिटे उकळायला हवे, आणि त्याच भांड्यात लगेच कोथिंबिरीची चटणी फिरवायची नाही. कवचातला तपकिरी मऊ भागही काढून टाकावा, त्यात कॅडमियमसारखे धातू साठतात. दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत हे चरकसंहितेत विरुद्ध आहार म्हणून सांगितले आहे. त्याने कोड येते असे आधुनिक अभ्यासात दिसलेले नाही. घरात पाळत असाल तर पाळा, दूध रात्री घ्या, वाद कशाला.

गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल कोकणातल्या माणसांना उगाच कमीपणा वाटतो. गंगापूर आणि दारणा धरणांतला रोहू किंवा कटला इथे सकाळी पाण्यातून निघून दुपारी ताटात येऊ शकतो, जे सुरमईला शक्य नाही. हे मासे वनस्पती आणि पाण्यातले सूक्ष्म जीव खातात, म्हणून पाऱ्याच्या हिशोबातही चांगले. डीएचए मात्र त्यांत बांगड्यापेक्षा कमी. शहरातून वाहून पुढे गेलेल्या गोदावरीच्या पात्रात कोणी गळ टाकून मासे आणले, तर ते गरोदर बाईच्या ताटात नकोत. ज्या पाण्याची खात्री नाही, तिथला मासा फार तर आठवड्यातून एकदा, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नाही, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आणखी एक गोष्ट, जी विचारली नाहीत तरी सांगते. बरेच जण प्रेमाने कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्या आणून देतात. माशाच्या यकृताच्या तेलात अ जीवनसत्त्वाचे रेटिनॉल हे रूप खूप असते आणि जास्त प्रमाणात ते गर्भाला अपायकारक ठरते, म्हणून त्या घेऊ नयेत. डीएचएची गोळी हवीच असेल तर यकृताची नसलेली, आणि डॉक्टरांना विचारून. घरात कोणी शाकाहारी गर्भवती असेल तर जवस आणि अक्रोड जरूर खावेत, पण त्यांतल्या स्निग्धाम्लाचे अंगात फार थोडे डीएचए होते. तिच्यासाठी शेवाळापासून केलेले डीएचए मिळते.

सध्या अकराव्या आठवड्यात माशांचा वासच नको वाटत असेल, तर जबरदस्तीने गिळू नका. बाळाची डीएचएची मोठी मागणी पुढे आहे, तोवर चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात बहुतेकींची तोंडाची चव परत येते. तळण्यापेक्षा उकडलेल्या माशाचा वास कमी येतो, आणि दुसऱ्या कोणी शिजवले तर आणखी कमी. माहेरहून सोडे, सुकट किंवा जवळा येणार असेल तर तो चालेल, वाळू निघेपर्यंत गरम पाण्यात धुऊन, नीट शिजवून, आठवड्यातून एखादे वेळी. जवळ्यात कॅल्शियम चांगले असते. खारा बांगडा मात्र आईला पाठवू नका म्हणून सांगा, विशेषतः पुढच्या तपासणीत रक्तदाब वरच्या बाजूला दिसला तर. आणि पावसाळ्यात आलेले कुठलेही सुके एकदा उजेडात धरून बघा: त्यावर पांढरट बुरशीचा पुंजका किंवा ओलसर चिकटपणा दिसला, तर उन्हात टाकून वाचवण्याचा प्रयत्न न करता सगळाच डबा टाकून द्या.